बर्फातली एस. टी.

आयुष्याची अडतीस वर्षे मी एस. टी.च्या दापोडी येथील कारखान्यात गाड्यांचे सांगाडे बांधण्यात घालवली. निवृत्तीनंतर आपल्या हातून पुन्हा एखादी गाडी उभी राहील, तीही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, आणि गाडी अशी की जिला पुढे चाकांऐवजी लांब घसरफळ्या आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे, असे भविष्य कुणी सांगितले असते, तर मी त्या ज्योतिषाला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते. पण घडले ते असेच. ते कसे घडले आणि त्या गाडीमागे केवढा इतिहास दडला आहे, ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे म्हणून ही लेखणी उचलली आहे. हात सुताराचा आहे, तेव्हा कुठे रंधा नीट फिरला नसेल तर क्षमा असावी.

माझा मुलगा कॅनडातल्या क्विबेक प्रांतात स्थायिक झाला. सून तिथलीच. तिचे माहेर शेरब्रूक शहरापासून तासाभराच्या अंतरावरचे एक खेडे. घरी गाईगुरे, मेपलची झाडे आणि फ्रेंच बोलणारे मोठे गोतावळ्याचे कुटुंब. सौ. गेल्यापासून मी वर्षातले काही महिने मुलाकडे काढतो. मे २०२२ मध्ये व्याह्यांनी आम्हा सर्वांना जेवायला बोलावले, आणि जेवणानंतर गुरांच्या जुन्या कोठारात नेऊन एक ताडपत्री बाजूला केली.

आत होती एक लाकडी गाडी. होडी उलटी घालून तिला दारे बसवावीत तसा तिचा आकार. दोन्ही बाजूंना आगबोटीला असतात तशा गोल गोल खिडक्या. मागच्या बाजूला पट्ट्यांचे लोंबते अवशेष. आतल्या बाकांच्या काथ्यात उंदरांच्या कित्येक पिढ्या नांदून गेलेल्या. माझ्या नातीने, जी तेव्हा आठ वर्षांची होती, आत डोके घालून विचारले, "आबा, ही तुमची एस. टी. का?"

"अगं, हिला बर्फातली एस. टी. म्हणायला हरकत नाही," मी म्हणालो. मी ते सहज बोललो होतो. पण पुढे जसजशी माहिती कळत गेली, तसतसे ते नाव खरेच शोभू लागले.

गाडीचे खरे नाव बी-१२, बारा माणसांची म्हणून. बनवणारा जोझेफ-आर्मां बोंबार्दिए. हे नाव मुंबईकर वाचकांना निराळ्या उच्चाराने ठाऊक असेल. २०१५ साली पश्चिम रेल्वेवर नव्या लोकल गाड्या धावू लागल्या, त्यांच्यातली विजेची यंत्रसामग्री ज्या कंपनीची होती तिच्यावरून लोक त्यांना 'बंबार्डियर लोकल' म्हणू लागले. चर्चगेट ते विरार लोंबकळत जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की त्या नावाचा उगम बर्फात अडकलेल्या एका खेड्यातल्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात आहे?

आर्मांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, क्विबेकमधल्या व्हालकूर नावाच्या गावचा. लहानपणापासून यंत्रांचे वेड. वडिलांनी एक मोडकी फोर्ड मोटार दिली, तर पोराने तिचे इंजिन काढून घसरगाडीवर चढवले आणि मागे हाताने कोरलेला लाकडी पंखा बसवला. ३१ डिसेंबर १९२२ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, हे धूड घेऊन तो आणि त्याचा भाऊ लेओपोल्द गावच्या रस्त्याने निघाले. उघडा पंखा गरगर फिरतो आहे, घोडी बुजताहेत, माणसे दारात उभी राहून तोंडात बोटे घालताहेत! वडिलांनी गाडी त्याच दिवशी मोडायला लावली. कोणत्याही बापाने तेच केले असते. मुलाला पाद्री करावे म्हणून धार्मिक विद्यालयात धाडले होते. पण त्याचे मन तिथे रमेना. अखेर बापाने हात टेकले, आणि १९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, आर्मांने व्हालकूरमध्ये स्वतःचे दुकान काढले.

आता बर्फावर मोटार का चालत नाही, हे कोकणातल्या शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. चिखलणी झालेल्या खाचरात पाऊल टाकले तर पोटरीपर्यंत रुतते. पण त्याच चिखलावर फळी आडवी टाकली, तर माणूस वर उभा राहतो. भार तोच, पण तो पसरला. चाकाचा भार चार तळव्यांएवढ्या जागेवर पडतो म्हणून ते भुसभुशीत बर्फात बुडते. पट्टा म्हणजे गाडीने आपल्याबरोबर बाळगलेली फळी. पुढे टाकायची, तिच्यावरून जायचे आणि मागून उचलून पुन्हा पुढे आणायची.

ही कल्पना एकट्या आर्मांची नव्हे. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणारा फ्रेंच तंत्रज्ञ अदोल्फ केग्रेस याने रबरी पट्टे मोटारींना जोडले होते. त्याच तऱ्हेच्या सित्रोएन गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडले, आणि १९३१ साली तर त्यांपैकी दोन गाड्या श्रीनगरहून हिमालयाच्या वाटेने गिलगिटपर्यंत गेल्या. जिथे वाट संपे तिथे सुटे भाग करून माणसांच्या पाठीवरून! अमेरिकेत व्हर्जिल व्हाइट नावाच्या गृहस्थाने फोर्ड मोटारीला पुढे घसरफळ्या आणि मागे पट्टे लावण्याच्या साधनाचे पेटंट १९१७ मध्येच घेतले होते. मग आर्मांने नवे काय केले? त्याने पट्टा फिरवणारे दातेरी चाक आणि पट्टा यांची जोडी सुधारली. नुसत्या लोखंडावर बर्फ चिकटतो, थिजतो आणि दाते भरून टाकतो. आर्मांने दातेरी चाकावर रबर चढवले आणि रबरी पट्ट्यांना पोलादी आडव्या पट्ट्या जोडून ते चाकाच्या दात्यांत बरोबर बसवले. रबर वाकते, हलते, त्यामुळे बर्फ झडून जातो. ऐकायला ही गोष्ट केवढीशी! पण हे जमेपर्यंत त्याच्या आयुष्यावरून एक वादळ गेले होते.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. आतड्याच्या पुच्छाला सूज येऊन विकार पोटात पसरला होता. शस्त्रक्रिया हवी होती, आणि रुग्णालय शेरब्रूकला, सुमारे ५० किलोमीटरांवर. रस्ते बर्फाखाली गेलेले. दुकानात बर्फावरच्या गाडीचे प्रयोग चालू होते, पण मुलाला नेता येईल अशी एकही गाडी तयार नव्हती. मूल गेले. त्या प्रांतात हिवाळ्यात खेड्यातल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि वसंत ऋतू येईपर्यंत घोड्याच्या घसरगाडीने काय होईल तेवढे चाले, असा तो काळ होता. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, दातेरी चाक आणि पट्ट्याची जोडी जमली. १९३७ साली तिचे पेटंट मिळाले आणि बी-७ ही सात माणसांची गाडी बाजारात आली. गाडी घेणारे कोण? डॉक्टर, खाणावळवाले, टपाल वाहणारे. १९४० च्या सुमारास नवा कारखाना उभा राहिला, बी-१२ आली, आणि १० जुलै १९४२ रोजी कंपनीची रीतसर स्थापना झाली. या गाड्या रुग्णवाहिका झाल्या, टपालगाड्या झाल्या, पोरांना शाळेत पोहोचवणाऱ्या झाल्या. गोठलेल्या सरोवरांवर कोळी लोक त्या नेऊ लागले. बर्फ फुटून गाडी बुडू लागली तर बाहेर पडता यावे म्हणून छताला झडपेचे दार असे. १९५१ पर्यंत अशा सुमारे २,८०० गाड्या व्हालकूरहून बाहेर पडल्या.

त्यांतलीच एक ही आमच्यासमोर उभी होती. सुनेच्या पणजोबांनी ती १९४७ च्या शरद ऋतूत घेतली होती.

"दुरुस्त करू या का?" सुनेने विचारले. व्याही हसले, मुलगा माझ्याकडे बघू लागला, आणि सगळ्यांच्या नजरा शेवटी कोपऱ्यात पिंपावर बसलेल्या म्हाताऱ्याकडे गेल्या. ते सुनेचे आजोबा. घरात सगळे त्यांना 'पेपेर' म्हणतात. वय चौऱ्याऐंशी, बोलणे अगदी मोजके. मला फ्रेंच येत नाही आणि त्यांना इंग्रजी बोलायचे नसते, म्हणून आमच्या दोघांमध्ये दुभाषी माझी नात. ते काहीतरी पुटपुटले. नात म्हणाली, "आबा, पेपेर म्हणतात, लाकूड करा, रंग करा. पण इंजिन चालू नाही करायचं."

"का बरं?"

तिने विचारले. म्हातारा उठून निघून गेला.

कारण मला व्याह्यांकडून कळले. पणजोबांनी ही गाडी कर्ज काढून घेतली होती. हिशेब असा, की दर हिवाळ्यात टपाल, उतारू आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांतून चार-पाच वर्षांत कर्ज फिटेल. पण १९४८ साली प्रांताच्या सरकारने ठरवले, की खेड्यापाड्यांतले रस्तेही हिवाळ्यात बर्फ लोटून मोकळे ठेवायचे. निर्णय योग्यच होता. लोकांच्या मोटारी बारा महिने चालू लागल्या. पण बोंबार्दिएच्या कंपनीची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली, आणि आमच्या पणजोबांची गाडी तर एका हिवाळ्यात कमावती झाली नि दुसऱ्या हिवाळ्यात बिनकामाची. कर्ज फेडायला जंगलाचा अर्धा तुकडा विकावा लागला. गाडी कोठारात गेली ती गेलीच. घरात तिचे नाव निघाले की पणजोबा जेवणावरून उठत. तिला घरात 'कर्ज' असेच म्हणत.

मला एक गोष्ट मनातल्या मनात गंमतीची वाटली. त्याच १९४८ साली, १ जूनला, आपल्याकडे पुण्याहून अहमदनगरच्या मार्गावर पहिली एस. टी. सुरू झाली, लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या गाद्यांची. एकीकडे सरकारने रस्ता मोकळा केल्याने एक लाकडी गाडी अडगळीत गेली, आणि दुसरीकडे सरकारनेच दुसरी लाकडी गाडी रस्त्यावर आणली. दोन्हींचा हेतू एकच होता, खेड्यातल्या माणसाला वेळेवर कुठेतरी पोहोचता यावे.

असो. म्हाताऱ्याची अट मान्य करून आम्ही कामाला लागलो. आधी मी खडू घेऊन बसलो आणि ठोकून ठोकून लाकडाची परीक्षा केली. टणक आवाज आला तिथे फुली नाही, भद्द आवाज आला तिथे फुली. सांगाड्याच्या फासळ्या वरून शाबूत होत्या, खाली ओल धरून कुजल्या होत्या. मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्याच नव्या करू या ना, सोपं पडेल." मी म्हटले, "अरे, मग नवी गाडीच बांध की! हिला दुरुस्त केली असं कशाला म्हणायचं?" शेवटी नियम ठरला, की जेवढे जुने टिकेल तेवढे ठेवायचे. प्रत्येक फासळीचा कुजका पाय कापून तिथे तसल्याच जातीचे लाकूड तिरका सांधा देऊन बसवले. माझे वडील होडीची फळी अशीच सांधीत. सरळ कापाला चिकटायला जागा कमी. काप जेवढा लांब तिरका, तेवढा सांधा बळकट.

अंगाचे प्लायवूड वाकवायचे काम सगळ्यांत अवघड. तिथे दुकानदाराने नाना युक्त्या सांगितल्या. मी जुनी पोती ओली करून फळीवर पसरली, वर उकळते पाणी ओतत राहिलो, आणि फळी मऊ आली की सर्वांनी मिळून ती फासळ्यांवर दाबून शिकंज्यात धरली. व्याही, मुलगा, सुनेचे दोन भाऊ, सगळे फळीला पोटाने रेटून उभे, आणि मी मराठीत ओरडतोय, "दाबा, दाबा, सोडू नका!" भाषा कुणालाच कळत नव्हती, पण फळी वाकली.

विहीणबाईंनी बाकांच्या गाद्या शिवल्या. मुलाने सहा व्होल्टच्या जुन्या विजेच्या तारा नव्याने ओढल्या. पट्ट्यांचे रबर पार तडकले होते. कारखान्यात माल वाहण्यासाठी असतो तसा जाड रबरी पट्टा आणून तो मापाने कापला, आणि जुन्याच पोलादी आडव्या पट्ट्या सरळ करून त्याला बोल्टांनी आवळल्या. नातीकडे बोल्ट मोजून जाममुरंब्याच्या बाटल्यांत भरण्याचे खाते होते. तिने प्रत्येक बाटलीवर मराठी आणि फ्रेंच दोन्हींत चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'वाकडे' अशा चिठ्ठीची बाटली सगळ्यांत मोठी होती.

शनिवार-रविवार मिळून, आणि मी भारतात परतलो की काम थांबवून, असे हे दोन वर्षे चालले. पेपेर रोज कोठारात येत, पिंपावर बसत, बघत, निघून जात. इंजिनवरचे फडके मात्र कुणी उचलले की त्यांचा चेहरा बदले.

२०२४ च्या नोव्हेंबरात गाडीला रंग लागला. गोल खिडक्यांच्या नव्या काचांत दिव्याचा उजेड पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मला काही केल्या समाधान वाटेना. आयुष्यभर मी बांधलेली प्रत्येक गाडी कारखान्याच्या फाटकातून स्वतःच्या बळावर बाहेर गेली होती. ही न चालणारी गाडी म्हणजे नटवलेले प्रेत वाटू लागले. त्या संध्याकाळी कोठारात मी आणि पेपेर दोघेच उरलो, आणि नात. मी तिला म्हटले, "बाळ, मी आता एक गोष्ट सांगतो. ती पेपेरना नीट सांग. काही गाळू नकोस."

मी सांगितले ते असे. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, नदीच्या पलीकडच्या काठाला. पूल नव्हता, होडीचा तर होता. १९६३ च्या जुलैत माझी धाकटी बहीण तापाने फणफणली. ती पाच वर्षांची, मी दहाचा. वैद्यांनी हात टेकले आणि तालुक्याला न्या म्हणाले. आई-वडील तिला घोंगडीत गुंडाळून नदीवर गेले, मी कंदील घेऊन पुढे. नदीला उधाणाचा लोंढा. तरवाल्याने होडी काढायला साफ नकार दिला, आणि त्याचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. होडी काढती तर आम्ही सगळेच गेलो असतो. रात्रभर आम्ही काठावरच्या खोपटात बसलो. पहाटे पाणी थोडे उतरले, तेव्हा पलीकडे जायचे कारण उरले नव्हते. १९७१ साली पूल झाला आणि त्याच्यावरून गावात पहिली एस. टी. आली. सारा गाव गुलाल घेऊन गेला होता. आई गेली नाही. दोन वर्षांनी मी दापोडीला कामाला लागलो, आणि मला वाटते, का लागलो ते मी कुणाला कधी सांगितले नाही.

नात सांगत होती. मध्येच तिचा आवाज बारीक झाला, पण तिने काही गाळले नाही. तिलाही ही गोष्ट प्रथमच कळत होती. म्हातारा बराच वेळ गाडीकडे बघत राहिला आणि काही न बोलता घरात गेला. मला वाटले, आपण उगाच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते हातात एक चावी घेऊन. बसले, आणि बोलू लागले. दोन वर्षांत मिळून बोलले नसतील एवढे ते त्या एका तासात बोलले. नात भराभर सांगत होती.

फेब्रुवारी १९४८. त्यांची आई बाळंतपणाच्या कळांनी दोन दिवस तळमळत होती. सुईणीने हात जोडले. बाहेर वादळ, रस्ता कुठे आणि शेत कुठे कळत नव्हते. वडिलांनी आईला या गाडीतल्या बाकावर निजवले, पोराला कंदील धरून शेजारी बसवले आणि कुंपणांच्या वरून, शेताशेतांतून गाडी शेरब्रूकला नेली. पेपेर तेव्हा दहा वर्षांचे. रुग्णालयात मुलगी झाली. आईही वाचली. "पण त्यानंतर घरात ऐकू येई ते कर्जच," ते म्हणाले. "जंगल विकलं त्या दिवशी वडील रडले. मी ते पाहिलं. मग या गाडीचं दुसरं काही आठवावं असं मला कधी वाटलंच नाही. माझी बहीण दर रविवारी मला फोन करते. सत्त्याहत्तर वर्षं व्हायला आली, आणि मी तिला ही गाडी कधी दाखवली नाही."

त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मी ती सुनेच्या हातात दिली, कारण इंजिन हे तिचे खाते. लहानपणापासून बापाच्या ट्रॅक्टरखाली वाढलेली ती मुलगी.

इंजिन क्रायस्लरचे, सहा सिलिंडरांचे. त्या जुन्या बनावटीत झडपा डोक्यावर नसतात, सिलिंडरांच्या बाजूला असतात. इतकी वर्षे उभे राहून सारे जाम झालेले. सुनेने सहाही प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण सोडले आणि रोज थोडे थोडे मुरू दिले. घाईने जोर लावला असता तर काहीतरी तुटले असते. तीन आठवडे काहीच हलले नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तिने पुलीला पाना लावला आणि ती ओरडली, "बाबा, हललं!" एक बोटभर हलले होते. पण जे बोटभर हलते ते पुढे फिरतेच. दोन झडपा अडकल्या होत्या, त्या सोडवल्या, कार्ब्युरेटर धुतला, ठिणगीचे संपर्क घासून स्वच्छ केले. जानेवारीच्या अखेरीस, पुष्कळ खोकून आणि कोठारभर निळा धूर करून, इंजिन सुरू झाले. पेपेर दारात उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बहिणीच्या सत्त्याहत्तराव्या वाढदिवशी तिला बोलावले. काय दाखवायचे आहे ते सांगितले नव्हते. कोठाराची दारे उघडली, सुनेने गाडी बाहेर काढली, आणि पट्ट्यांनी बर्फ मागे फेकत ती अंगणात येऊन थांबली. म्हाताऱ्याने बहिणीचा हात धरून तिला आत नेले आणि एका विशिष्ट जागी बसवले. तिच्या कानाशी वाकून काही सांगितले. ते काय, हे मी नातीला विचारले नाही. ती बाई बाकावरच्या गादीवरून नुसता हात फिरवत राहिली.

मग बारा माणसांच्या गाडीत आम्ही तेरा जण बसलो, आणि तेराव्याला, म्हणजे नातीला, मांडीवर घेतले. एस. टी.त एवढे चालते. म्हातारा स्वतः चालवायला बसला, सून शेजारी. माणसाच्या चालीने आम्ही शेताला एक वळसा घातला. लाकूड कुरकुरत होते. माझे कान सांध्यांकडे होते. एकही सांधा बोलला नाही.

शेताच्या कडेला रस्ता आहे. तिथून बर्फ लोटणारे सरकारी यंत्र चालले होते, ज्याच्या येण्याने ही गाडी सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी बिनकामाची झाली तेच. चालकाने आम्हाला पाहिले, यंत्र थांबवले आणि लांबलचक भोंगा वाजवला. पेपेरनी हात वर केला. त्यांच्या मनात आता काही उरले नसावे असे मला वाटले.

राहता राहिले बोंबार्दिए. रस्ते मोकळे झाल्याने धंदा बुडाला म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला नाही. १९५३ मध्ये त्यांनी दलदलीतून ओझे वाहणारे पट्ट्यांचे वाहन काढले, १९५९ मध्ये एकदोघांनी बसायची हलकी 'स्की-डू' काढली, आणि १८ फेब्रुवारी १९६४ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने ते वारले. पुढे १९७४ साली मॉन्ट्रियलच्या भुयारी रेल्वेचे डबे बांधायचे काम कंपनीला मिळाले आणि ती आगगाड्यांच्या धंद्यात शिरली. तिथूनच ते नाव आपल्या लोकलपर्यंत पोहोचले. २०२१ साली तो रेल्वेचा धंदा आल्स्तोम या फ्रेंच कंपनीकडे गेला. व्हालकूरला त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तिथे त्यांचे ते पहिले छोटे दुकान जपून ठेवले आहे. मी दारात बराच वेळ उभा राहिलो. १९३४ च्या हिवाळ्यात तिथे एक बाप काय करत बसला असेल, याची मला थोडीफार कल्पना होती.

यंदा गणपतीला गावी गेलो होतो. पाऊस मनसोक्त लागला होता, नदी दोन्ही काठ धरून चालली होती. संध्याकाळची एस. टी. पुलावरून गावात शिरली तेव्हा मी पुलाच्या कठड्याशी उभा होतो. गाडीत दोन-चारच माणसे होती. हल्ली घरोघरी मोटारसायकली झाल्या आहेत. कंडक्टरने मला ओळखले आणि दार उघडून विचारले, "काका, येताय का गावात?" मी म्हटले, "नको रे, तू हो पुढे. मी जरा थांबतो इथं."